आतून फुटणारं झाकण

अंबरनाथ पूर्वेला एमआयडीसीत आमची शेड आहे. तिच्या छपरात मधूनमधून फायबरचे पत्रे बसवलेले आहेत, माझ्या बाबांनीच कधीकाळी बनवलेले. उन्हं तिरपी झाली की त्या पत्र्यांतून आत हिरवट उजेड उतरतो. काचेच्या कापडाची बारीक धूळ त्या उजेडात तरंगत राहते, खाली बसायची तिला कसलीच घाई नसते. रेझिनचा गोडसर, डोकं जड करणारा वास तर कायमचाच. दुपारी जेवून झाल्यावर त्या उजेडात उभं राहिलं की आपण पाण्याखाली आहोत असं मला वाटतं. आम्ही जे बनवतो ते समुद्रावरच जाणार असतं, म्हणून हे वाटणं मी थांबवत नाही.

आम्ही झाकण बनवतो. क्षेपणास्त्राच्या पेटीचं झाकण. युद्धनौकेच्या डेकखाली उभ्या पेट्या असतात आणि एकेका पेटीत एकेक क्षेपणास्त्र आकाशाकडे तोंड करून उभं असतं. वरून कुणी चाल करून आलं, विमान असो की दुसऱ्याचं क्षेपणास्त्र, की आपलं पेटीतूनच सुटतं आणि येणाऱ्याला वाटेत गाठतं. जमिनीवर तशाच पेट्या मोठ्या ट्रकवर बसवतात. पेटीच्या तोंडावर घुमटासारखं झाकण असतं, आणि ते उघडायला बिजागरी नसते, माणूस नसतो, वेळ तर नसतोच. आतून दाब आला की त्याने फुटायचं, चार पाकळ्या होऊन बाजूला पडायचं आणि वाट मोकळी करून द्यायची. तोवर मात्र वर्षानुवर्षं लाटा, पाऊस, ऊन, खारा वारा, शेजारच्या पेटीतून सुटलेल्याची आग, सगळं अंगावर घ्यायचं. बाहेरून दगड, आतून पापड. हे पापडाचं माझं. आम्हाला काम शिकवणाऱ्या इंजिनिअर मॅडमना ते इतकं आवडलं की त्या पुढे आपल्या साहेबांसमोरही तसंच बोलू लागल्या.

पूर्ण क्षेपणास्त्र मी अजून पाहिलेलं नाही. आमच्या वाट्याला फक्त झाकण येतं. त्याची मापं कुणाला सांगायची नाहीत, शेडमध्ये मोबाइल आणायचा नाही, फोटो तर नाहीच नाही. बदलापूरला आमच्या गावात कुणी विचारलं की बाबा एवढंच सांगायचे, "झाकनं करतो." त्यावर शेजारचा एक जण आपल्या विहिरीचं माप घेऊन आला होता. बाबांनी त्याला विहिरीचं झाकण बनवून दिलंसुद्धा, आणि ते त्याला उचलेना.

बाबांचं सगळं असंच, जड. माझे आजोबा खाडीवर मीठ पिकवायचे. मिठागरं गेली तशी घरातली माणसं मिळेल त्या कामाला लागली आणि बाबा अगदी कोवळ्या वयात एका फायबरच्या कारखान्यात शिरले. पुढे स्वतःची शेड टाकली. पाण्याच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या, मंडळांचे कळस, एकदा तर एका हॉटेलवाल्यासाठी दारात उभा करायला भलामोठा हत्ती. सगळीकडे लोक त्यांना मास्टर म्हणायचे. बदलापूरला नदीला मोठा पूर आला तेव्हा त्यांची एक टाकी कुणाच्या तरी गच्चीवरून सुटली, वाहत वाहत गेली आणि पाणी ओसरल्यावर लांबच्या शेतात सापडली. तडा नव्हता. ज्याची टाकी होती त्याने बैलगाडी घेऊन जाऊन ती परत आणली आणि वर पेढेही वाटले. ही गोष्ट बाबा घरी आलेल्या प्रत्येकाला सांगायचे, आणि आई प्रत्येक वेळी आत जाऊन चहाचं आधण ठेवायची, कारण गोष्ट किती वेळ चालते हे तिला ठाऊक होतं.

त्यांच्या कामात गुपित असं काही नव्हतं. साच्यावर मेण लावायचं, मग रेझिन, म्हणजे वाळून घट्ट होणारा चिकट रस, मग काचेचं कापड, पुन्हा रेझिन, रोलर फिरवून आतली हवा काढायची, थरावर थर. कापडाचे दोन तुकडे जिथे भेटतात तिथे एकावर एक दोन बोटं चढवायचं. तिथे कंजुषी केली की पाणी नेमकं तिथूनच वाट काढतं. बाबा दोनाच्या जागी अडीच बोटं चढवायचे.

मी तेव्हा उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये जीन्सच्या एका वर्कशॉपमध्ये होते, कटिंगच्या टेबलावर. त्या टेबलावर सहसा बायका नसतात. मी होते, आणि कुणी भुवई उंचावली की मी दोन्ही उंचवायचे. लांबच लांब टेबल, त्यावर डेनिमचे थर आणि खडूच्या रेघेवरून धावणारं मशीन. संध्याकाळी घरी आले की पापण्यांवर निळी धूळ असायची. चेहरा धुतला तरी डोळ्यांच्या कडांना निळसर काहीतरी उरायचं, आणि झोपताना मला तेच काजळ वाटायचं. ते काम मला आवडायचं. रेघेच्या अलीकडे नाही, पलीकडे नाही, असं कापलं की छातीत थंड वाटतं.

मग घराघरांवर काळ्या प्लॅस्टिकच्या टाक्या आल्या. स्वस्त, हलक्या, एका पोराने खांद्यावर टाकून न्याव्यात अशा. बाबांच्या टाकीला चार माणसं लागायची. शेडमधले कामगार एकेक करून दुसरीकडे गेले. शेवटी बाबा एकटेच सकाळी जाऊन शटर उघडायचे, झाडायचे, रोलर साफ करायचे, दुपारी डबा खायचे आणि शटर ओढून घरी यायचे. खोक्यांचं गोदाम करायला शेड भाड्याने मागणारा एक व्यापारी दोनदा येऊन गेला. भाडं बरं देत होता. पण घरी बसलेले बाबा मला कल्पनेतसुद्धा दिसेनात. ओटीवर बसून ते काय करतील? ओटीचाच एखादा कोपरा दुरुस्त करत राहतील, तो झाला की दुसरा, आणि एक दिवस कोपरे संपतील. या विचाराने मला टेबलापाशी उभ्या उभ्या रडू यायचं. तिथे धुळीमुळे सगळ्यांचेच डोळे लाल असायचे म्हणून निभावलं.

अशात त्या मॅडम आल्या. पुण्याकडच्या, माझ्याहून बऱ्याच लहान, पायात धावायचे बूट. पेट्या बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने त्यांना पाठवलं होतं. झाकणासाठी हाताने काम करणारी एखादी लहान जागा हवी होती. त्यांनी बाबांचा हत्ती पाहिला, म्हणजे त्याचा साचा, जो अजून कोपऱ्यात पडून होता. मग म्हणाल्या, "काका, पहिली दोन झाकणं शिकण्यासाठी. तिसरं परीक्षेचं. ते बरोबर फुटलं तर काम तुमचं. नाही फुटलं तर मला दुसरी जागा बघावी लागेल."

बाबांनी होकार दिला. फुटण्याचा भाग त्यांनी ऐकलाच नव्हता असं मला आजही वाटतं.

पाकळ्यांचं कापड अगदी रेघेवर कापायचं होतं, म्हणून त्यांनी मला बोलावून घेतलं. मी कॅम्प तीनमधल्या शेठला सांगायला गेले. ते सिंधी, मनाने मोठे, तोंडाने फटकळ. "जीन्स छोडके टंकी बनायेगी क्या, अदी?" म्हणाले. अदी म्हणजे बहीण. मी हो म्हटलं. "वापस आना हो तो आ जाना," म्हणाले, आणि माझी कात्री मलाच देऊन टाकली. शेअर रिक्षात ती मांडीवर घेऊन बसले होते. बाजूची बाई जरा सरकून बसली.

पहिलं झाकण बनलं आणि सुरेख बनलं. मऊ घुमट, करडा, वरून हात फिरवत राहावा असा. मॅडमच्या कंपनीची जागा बदलापूरच्या बाजूला आहे, तिथे आम्ही ते टेम्पोतून नेलं. त्याच्यावर वाळूची पोती रचली, ते हललं नाही. मग त्याला एका काचेच्या पेटीत ठेवलं. तिच्यात मिठाच्या पाण्याचं धुकं सोडतात, दिवसेंदिवस, म्हणजे समुद्रावरची वर्षं तिथे थोडक्यात उरकतात. आम्ही ते बघायला गेलो तेव्हा आत काहीच दिसत नव्हतं, नुसतं पांढरं. मग धुकं बंद केलं आणि हळूहळू घुमट वर आला, घामेजलेला. बाबांनी त्याच्यावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"आमच्या बापाच्या आगरातलं मीठ यापरीस बरं होतं," ते म्हणाले.

मॅडम हसल्या. मला हसू आलं नाही. आजोबांना मी पाहिलेलं नाही, पण त्या क्षणी ते त्या खोलीत होते, गुडघ्यापर्यंत पांढरे, आणि आपल्या मुलाने केलेल्या वस्तूकडे बघत होते. त्या रात्री आणि पुढेही कितीतरी वेळा मला एकच स्वप्न पडलं. समुद्र आहे, संथ. जहाज आहे, पण मला फक्त झाकण दिसतंय. त्याच्यावर एक पांढरा पक्षी येऊन बसतो, पंख साफ करतो, उडून जातो. आत काहीतरी शांत झोपलेलं आहे आणि ते झोपलेलं राहावं म्हणून मी श्वाससुद्धा सावकाश घेतेय. सकाळी उठल्यावर अंगाला रेझिनचा वास यायचा आणि मला तो समुद्राचाच वाटायचा.

मी शस्त्रांचा फार विचार करत नाही असं लोकांना सांगते, पण करते. मॅडमना एकदा विचारलं होतं की हे खरंच कधी सुटेल का. त्या म्हणाल्या, "न सुटावं, ताई. नुसतं उभं राहिलेलं पुरतं." म्हणजे आमच्या झाकणाचं खरं आयुष्य न फुटण्यातच जाणार होतं. तरी फुटता आलं पाहिजे. हे मला पटायचं, संध्याकाळी गच्चीवर कपडे काढताना डोक्यावरून एखादं विमान मुंबईकडे उतरत जायचं तेव्हा जास्तच पटायचं. बाबांना मात्र ते कधी पटलं असं दिसलं नाही.

कारण पहिलं झाकण फुटलंच नाही.

लोखंडी पिंपाच्या तोंडावर ते बोल्टने आवळलं होतं, भोवती जाळी लावली होती. खालून हवा सोडली. गेजचा काटा चढत गेला, फुटायच्या खुणेवर आला आणि खूण ओलांडून पुढे गेला. झाकण ढिम्म. शेवटी पिंपाचं रबरच एका बाजूने सुटलं आणि सगळी हवा फुस्स करून निघून गेली. मॅडमनी कपाळाला हात लावला. मी बाबांकडे पाहिलं तर ते फुलले होते. खरंच फुलले होते, गाल वर आलेले, डोळे ओले.

"बघितलंस, बाय? लोखंड हारलं."

बाहेर गाडीवर त्यांनी सगळ्यांसाठी वडापाव घेतले, मॅडमसाठीसुद्धा. मॅडमनी एक घास खाल्ला आणि बाबांना अगदी शांतपणे समजावलं. "काका, रॉकेट पेटलंय आणि झाकण उघडत नाही, असं समजा. आग आत. पेटी बंद. पेटी जहाजाच्या पोटात. आणि जहाजावर पोरं आहेत, विशी-पंचविशीची."

बाबांचा हात वडापावसकट खाली आला. तो त्यांनी पूर्ण खाल्ला नाही, कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

दुसऱ्या झाकणाच्या वेळी त्यांनी मनावर घेतलं. मॅडम येऊन उभ्या राहिल्या, साच्यावरच्या रेघा बोटाने दाखवल्या. या रेघांवर पाकळ्यांच्या कडा एकमेकींना भेटतील, चढणार नाहीत. वरून फक्त एक पातळ थर. तीच रेघ फुटेल. बाबा मान डोलवत होते. "समजलां, मॅडम. चढवायचं नाय." आणि ते झाकण अर्धं उघडलं. दोन पाकळ्या सुटल्या, दोन एकमेकींना धरून लटकत राहिल्या. तेवढ्यावर क्षेपणास्त्राचा पंख अडकला असता. मॅडमनी लटकलेला भाग करवतीने कापून कड आम्हाला दाखवली. रेघेवर कापड दुहेरी होतं. दोन बोटं, नीट मोजून चढवल्यासारखी.

"मी नाय चढवलं," बाबा म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते. मी आयुष्यभर त्यांना ओळखते, खोटं बोलताना त्यांचा आवाज बारीक होतो. हा आवाज भरड होता आणि घाबरलेला होता. मॅडम माझ्याकडे बघू लागल्या, मी कापलेल्या पाकळ्या मोठ्या तर नव्हत्या? नव्हत्या. कापड रेघेवर बरोबर होतं. मग वर आलं कुठून? हे कापड विणीचं, ओलं झालं की हाताखाली चांगलं सरकतं, ताणलं जातं. कुणीतरी ते ताणलं होतं.

आता एकच झाकण उरलं होतं. मॅडमनी वेळ दिला, सराव करा म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच शेडमध्ये होतो. हिरवा उजेड आत आला होता. बाबा एका लहान साच्यावर मला समजावत होते, शिकवणीचा मोठा आवाज काढून. "हे बघ. ही कड इथे आली. ही कड इथे. आता इथे काय? चढवायचं नाय. अजिबात चढवायचं नाय." आणि हे म्हणत असताना त्यांचा उजवा अंगठा ओल्या कडेवरून फिरत होता आणि कापड हळूच, मायेने, पलीकडे ओढत होता.

मी बघत राहिले. धूळ तरंगत होती. अंगठा कापड ओढायचा, दाबायचा, पुढे सरकायचा, पुन्हा ओढायचा. बाबांचं तोंड एक सांगत होतं आणि हात आपलं जुनंच गाणं म्हणत होता. मला हसू आलं आणि त्याच वेळी उरलेलं एकच झाकण आठवलं.

"बाबा," मी म्हटलं, "अंगठा बघ तुझा."

आमच्यात बापाला अरेतुरे करतात. लिहिताना माझा हात 'ते' लिहितो, बोलताना मात्र 'तू'च.

त्यांनी अंगठा पाहिला. दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा पाहिला. मग कड पाहिली. मग ब्रश टबात असा आपटला की रेझिन माझ्या पंजाबी ड्रेसवर उडालं, आणि तरातरा बाहेर निघून गेले. मीही कमी नाही. मी मागून ओरडले, "जा, जा! गोदामवाल्याला चावी देऊन ये जाताना!" शेडमध्ये तो आवाज घुमला आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

मी तिथेच उलट्या बादलीवर बसले. साच्यावरची ओली कड हळूहळू घट्ट होत होती. आणि का कोण जाणे, मला माझे कॅम्प तीनचे पहिले दिवस आठवले. नवीन नोकरी, पहिल्यांदाच एकटीने जायचं. स्टेशनवरून मी शेअर रिक्षात बसायचे आणि मागच्या रिक्षात बाबा बसायचे. वर्कशॉपच्या गल्लीपर्यंत यायचे, मी आत गेले की परत फिरायचे. मला कळत नाही असं त्यांना वाटायचं. एक दिवस मी कोपऱ्यावर थांबले तर ते पटकन एका कपड्याच्या दुकानात शिरले आणि बाहेर येताना बायकांचा गाऊन विकत घेऊन आले. आईला तो फार आवडला होता. तर हे असं. त्यांना कुठेच फट ठेवता येत नव्हती. माझ्यावरसुद्धा ते आयुष्यभर दोन बोटं चढवत आले होते, आणि मी त्याला कधी जाच म्हटलं, कधी कटकट. त्या बादलीवर बसून मला त्यांच्यावर इतकं प्रेम आलं की राग कुठे गेला ते कळलं नाही.

ते परत आले तेव्हा हातात प्लॅस्टिकच्या पिशवीतून चहा होता. दोन कागदी कप मांडले, ओतला.

"मंग कोन लावनार?" त्यांनी विचारलं.

"मी लावते."

त्यांनी चहा संपवला. कप चुरगळून टाकला. बराच वेळ साच्याकडे बघत बसले, शेड विकत घ्यायला आलेला माणूस बघतो तसं, एकेक कोपरा.

"लाव," म्हणाले.

परीक्षेचं झाकण मी लावलं. बाबा रेझिन कालवत होते. त्यात ते अजूनही कुणाला हात लावू देत नव्हते. उकाडा केवढा, त्याप्रमाणे रेझिन घट्ट करणारं हार्डनर किती, डोळ्यांनी ठरवून डबा माझ्यापुढे सरकवत होते. पहिली पाकळी ठेवली. दुसरी ठेवली. दोन्ही कडा एकमेकींना टेकल्या आणि मधे केसाएवढी रेघ उरली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हे किती अवघड आहे. घर उघडं टाकून बाहेरगावी निघाल्यासारखं वाटत होतं. माझ्या रक्तातही ती दोन बोटं होतीच. मी श्वास रोखून रोलर फिरवला. डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं की बाबांचा हात साच्याच्या दिशेने निघालाय. तो हवेत थांबला. मग त्यांनी तो मागे नेला आणि दुसऱ्या हाताने मनगट धरून ठेवलं. शेवटच्या थरापर्यंत, डबा सरकवून झाला की ते तसेच उभे राहायचे, पाठीमागे हात धरून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे.

परीक्षेच्या दिवशी मोठ्या कंपनीचे एक साहेबही आले होते. झाकण पिंपावर बसलं, बोल्ट आवळले, जाळी लागली. हवा सुरू झाली. त्यानंतरचं सगळं मला संथ आठवतं. काटा चढतोय. कुणीतरी खोकलं. पत्र्यावर कबुतराची नखं वाजली. बाबा माझ्या बाजूला, त्यांच्या शर्टाला भाकरीचा आणि रेझिनचा वास. काटा खुणेपाशी आला आणि मी मनात म्हणाले, फूट बाई, फूट. आयुष्यात मी कशासाठीही इतकं मागितलेलं नाही.

आवाज झाला. कोरडा, एकच. चार पाकळ्या चार बाजूंना उडाल्या आणि जाळीत जाऊन पडल्या, आणि पिंपाचं तोंड स्वच्छ गोल उघडं राहिलं. त्यातून थोडी धूळ वर येत होती, सावकाश. मॅडम लहान मुलीसारख्या उड्या मारू लागल्या. मी रडत होते. बाबा जाळीपाशी गेले, वाकून एक पाकळी बघितली, तिच्या कडेवरून अंगठा फिरवला. कड सरळ होती, चाकूने कापल्यासारखी.

साहेब पुढे आले. म्हणाले, "छान. आता एक लक्षात ठेवा. ज्या हाताने हे झालं, त्याच हाताने पुढची सगळी झाली पाहिजेत. हात बदलला की परीक्षा पहिल्यापासून." मग बाबांकडे वळून त्यांनी हात पुढे केला. "मास्टर, तुमच्याच हातचं ना हे?"

सगळे बाबांकडे बघत होते. मी खाली फरशीकडे पाहिलं. ते हो म्हणाले असते तर मी एक अक्षर बोलणार नव्हते, हे मी टेम्पोत येतानाच ठरवून टाकलं होतं. शेड त्यांची होती. नाव त्यांचं होतं. एवढी वर्षं सगळीकडे जे नाव होतं, ते त्या एका 'हो'ने टिकणार होतं.

"नाय," बाबा म्हणाले. "पोरीच्या हातचं हाय. मी रेझिन कालवलं."

साहेबांचा पुढे आलेला हात जरासा गोंधळला आणि माझ्याकडे वळला. माझ्या हाताला काचेची खाज सुटलेली होती, त्यांना टोचलं असेल. मी बाबांकडे बघू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी मी शेडवर पोचले तर शटर उघडलेलं होतं. जमीन झाडलेली, साच्याला मेण लावलेलं, रोलर ओळीने मांडलेले. बाबा रेझिनच्या पिंपाजवळ उभे होते, हातात रिकामा डबा. मी ओढणी कमरेला खोचली, हातमोजे घातले आणि पहिली पाकळी उचलली. ते तिथूनच माझ्याकडे बघत थांबले होते.

"किती कालवू?" त्यांनी विचारलं.

रेझिन किती कालवायचं हे माझ्या बापाने कुणाला विचारलेलं मी आजवर ऐकलं नव्हतं. मी बाहेरचं ऊन बघितलं, अंदाज घेतला आणि सांगितलं. त्यांनी तेवढंच कालवलं.